सल्लागार नेमायचा कसा: एल वन की क्यूसीबीएस?

पुणे मनपाने पूल किंवा ड्रेनेजच्या डीपीआरसाठी (सविस्तर प्रकल्प अहवालासाठी) सल्लागार नेमायचा म्हटलं की मुख्य दोन रस्ते असतात. एल वन म्हणजे सोपं, पात्रतेत बसलेल्यांपैकी ज्याचा रेट कमी त्याला काम, कुणी बोट दाखवायला नको. पण सल्लागार म्हणजे काय सिमेंटच्या गोण्या आहेत का राव, स्वस्तात काम घेतलेला माणूस सर्व्हेत हात आखडणार आणि मग डिझाइन काम चालू असताना बदलत बसा.

क्यूसीबीएसमध्ये, म्हणजे दर्जा आणि खर्च दोन्ही बघून निवड करताना, तांत्रिक मार्क आणि फी दोन्ही धरतात. समजा तांत्रिकला 80 टक्के आणि फीला 20 टक्के वजन आहे, अ ला तांत्रिक 90, फी 1 कोटी, ब ला 75, फी 70 लाख. सगळ्यात कमी फीवाल्याला 100 आर्थिक मार्क म्हणजे ब ला 100, अ ला 70. एकूण अ 86, ब 80. एल वन असतं तर ब जिंकला असता!

गोम तांत्रिक मार्कांतच आहे, प्रेझेंटेशनला जास्त मार्क ठेवले की समितीच्या मर्जीवर सगळं. तरी मी क्यूसीबीएसच म्हणेन, फक्त मार्कशीट वेबसाइटवर टाका. आणि फी प्रकल्पखर्चाच्या टक्क्यात नको, खर्च फुगला की सल्लागाराचीच दिवाळी.