पॉलिटीच्या नोट्स: कार्ड करू की तक्ता?

अभ्यासिकेत शेजारच्या टेबलावर दोनशे पानी वही आणि चार रंगांचे हायलायटर दिसले की मला माझी जुनी वही आठवते. पुस्तकातलंच पुन्हा छान अक्षरात उतरवलेलं होतं, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती उघडायची हिंमत झाली नाही. म्हणून वही इथे धरतच नाही. राज्यसेवा परीक्षेच्या पॉलिटीसाठी, म्हणजे राज्यघटना आणि राज्यव्यवस्थेसाठी, निवड करायची ती कार्ड (पुढे प्रश्न, मागे उत्तर) आणि तक्ता यांत.

राज्यघटनेतली आणीबाणीची तीन कलमं घ्या: 352 (राष्ट्रीय आणीबाणी), 356 (राष्ट्रपती राजवट), 360 (आर्थिक आणीबाणी). एकेक वाचली तर समजतात, पेपरात मात्र गुंता होतो. ए-फोर कागद आडवा धरून तीन रकाने पाडा. संसदेची मंजुरी: एक महिना, दोन महिने, दोन महिने. बहुमत: विशेष, साधं, साधं. मुदत: दर सहा महिन्यांनी मंजुरी घेत कितीही, तशीच मंजुरी घेत जास्तीत जास्त तीन वर्षं, रद्द करेपर्यंत. ओळ आडवी वाचली की वेगळं कोण ते लगेच दिसतं, आणि प्रश्नातले पर्याय तिथेच फसवतात. 352 एवढं कडक का, तेही त्याच कागदाच्या कोपऱ्यात मावतं: 1975 चा अनुभव गाठीशी असल्याने 1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ काढून ‘सशस्त्र उठाव’ घातलं, एक महिना आणि विशेष बहुमत हेही तेव्हाचंच.

कार्डावर हे जमत नाही. कार्ड हवं ते ज्याला तर्क नाही अशा गोष्टींना: 148 महालेखापरीक्षक, 280 वित्त आयोग, 315 लोकसेवा आयोग, 324 निवडणूक आयोग. एका कार्डावर एकच उत्तर. ‘राज्यपालांचे अधिकार’ लिहून मागे अकरा ओळी भरल्या, तर ती वहीच झाली, फक्त कापलेली. बुटांच्या खोक्यात तीन कप्पे करा: पहिला रोज, दुसरा दोन दिवसांआड, तिसरा आठवड्याने. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. अँकी या कार्डांच्या ॲपचं तत्त्वही साधारण हेच.

नोकरी सांभाळून लोकलमध्ये उभ्याने अभ्यास होत असेल तर कार्डं. टेबल मिळत असेल आणि परीक्षा दोन महिन्यांवर असेल तर आधी तक्ते. झेरॉक्सच्या दुकानातला तयार तक्ता भिंतीवर शोभतो, एवढंच. आज रात्री आणीबाणीचाच रिकामा तक्ता पुस्तक न बघता भरून पाहा. जो चौकोन कोरा राहील, त्याचं कार्ड करा.