‘नळ्या उघडून देतो’ म्हणून ८५,००० रुपये घेतले

सिंहगड रस्त्यावरच्या एका वंध्यत्व उपचार केंद्राचा पत्ता आम्हाला नात्यातल्या एका काकूंनी दिला. लग्नाला चार वर्षं होऊनही दिवस राहत नव्हते. तिथे आमचे ८५,००० रुपये गेले, आणि त्याहून जास्त टोचतो तो गेलेला वेळ. मी चौतीस वर्षांची आहे. पस्तिशीनंतर स्त्रीबीजं झपाट्याने कमी होतात, हे त्या केंद्रातल्यांनाही नक्की माहीत होतं.

माझ्याकडे एचएसजीचा, म्हणजे गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट होता. पाळी संपल्यावर गर्भाशयात डाय सोडून एक्स-रे काढतात. डाय नळीतून पोटात उतरला की ती नळी मोकळी. माझ्या उजव्या बाजूने तो नीट उतरला होता, डावीकडे गर्भाशयाच्या कोपऱ्यातच अडला होता. केंद्रातल्या मॅडमनी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली आणि म्हणाल्या, “ताई, दोन्ही नळ्या पॅक आहेत. आमचा कोर्स करा. सहा महिन्यांत गोड बातमी, नाहीतर पैसे परत.” हे लिहून द्या म्हटलं, तर म्हणाल्या, “शंका घेणाऱ्याला औषध लागू पडत नाही.” फिल्मसकट सगळी फाइल त्यांनी ठेवून घेतली.

औषध म्हणजे पांढऱ्या डब्यांमधलं चूर्ण. डबीवर पेनाने ‘सकाळ’ आणि ‘रात्र’ लिहिलेलं. त्यात काय आहे, कोणी बनवलं, बॅच, एक्सपायरी, काही म्हणजे काही नाही. पावती वहीच्या कागदावर. पाळी लांबली की “औषध काम करतंय”, लवकर आली की “शुद्धी होतेय”. मुदत संपली तेव्हा कोर्स वाढवायला आणखी ४०,००० मागितले.

एवढ्या काळात माझे मिस्टर दर वेळी बाहेरच्या बाकावर बसून असायचे. त्यांची एक तपासणी करू, असं कोणी म्हणालं नाही. माझा खरा संताप इथे आहे. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, आणि वीर्यतपासणी ही सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपी तपासणी. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा, इतकंच. पण ती केली असती तर बाईच्या नळ्यांवर चूर्ण कसं खपलं असतं?

पुढे ज्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलो, त्यांनी पहिल्याच दिवशी मिस्टरांची वीर्यतपासणी लिहून दिली. शुक्राणूंची संख्या कमी, हालचालही कमी. काही आठवड्यांनी पुन्हा केली, तेच आलं. माझा थायरॉइडही बिघडलेला निघाला. एचएसजीची प्रत आम्ही एक्स-रे काढला होता तिथून परत मिळवली. डॉक्टर म्हणाल्या, उजवी नळी स्वच्छ मोकळी आहे. डावी त्या वेळी नुसती आकसली असेल तरी असंच दिसतं. खात्री करायची तर लॅपरोस्कोपी, म्हणजे पोटात दुर्बीण घालून केलेली तपासणी, आहे.

नळी खरोखर बंद असली तरी ती चूर्णाने उघडत नाही. जुना जंतुसंसर्ग, पोटाचं ऑपरेशन, एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), अशी कारणं असतात. आपल्याकडे टीबीही असतो. तो खोकला-तापाशिवाय वर्षानुवर्षं गर्भाशयात आणि नळ्यांत राहू शकतो, आणि त्याला टीबीचीच औषधं लागतात. नळीत पाणी साठलं असेल तर आयव्हीएफच्या (शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याच्या) आधी ती काढावी किंवा बंद करावी लागते. पीसीओएस या संप्रेरकांच्या बिघाडात तर नळ्यांचा प्रश्नच नसतो. तिथे बीज फुटत नाही, म्हणून ते फुटावं यासाठी लेट्रोझोलसारखी गोळी देऊन सोनोग्राफीवर लक्ष ठेवतात. इतकी वेगवेगळी कारणं, आणि त्या केंद्रात प्रत्येकीच्या हातात त्याच डब्या होत्या. बाकावरच्या बायकांशी बोलताना मी ते पाहिलंय.

औषधाने स्त्रियांचं वंध्यत्व बरं करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या जादुई उपायांविरुद्धच्या कायद्याने बंदी आहे. आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) किंवा आयव्हीएफ करणाऱ्या केंद्राला २०२१ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. ते प्रमाणपत्र बघायला मागा. टाळाटाळ झाली तर पैसे भरू नका. मूळ रिपोर्ट कोणाकडेही ठेवू नका, झेरॉक्स द्या.

आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवली आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत. तुमच्याकडे अशा डब्या, चिठ्ठ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज असतील तर टाकून देऊ नका. तक्रारीला तेच जोडावे लागतात.