परागीभवनाचा ब्रश-संच: ओबेसासाठी उत्तम, हॉवर्थियासाठी निरुपयोगी

गच्चीवरील माझ्या छोट्या हरितगृहाला चारही बाजूंनी बारीक जाळी असल्यामुळे मधमाशी आत येत नाही, आणि म्हणून सक्युलंट्सना (खोडात-पानांत पाणी साठवणाऱ्या रोपांना) भरपूर फुले येऊनही बी धरत नसे. याच कारणासाठी ऑनलाइन मागवलेला तीन ब्रशांचा परागीभवन-संच मी दोन हंगाम वापरला आहे. त्यातील चपटा आणि जाड गोल हे दोन्ही ब्रश मोठ्या फुलांनाच चालतात. अस्ट्रोफायटम या निवडुंगाच्या पिवळ्या फुलांवर गोल ब्रशने काम सहज झाले. चपटा मी बाजूला ठेवून दिला.

तिसरा, शून्य नंबरचा बारीक ब्रश मात्र मला मनापासून आवडला, आणि तो आवडण्याचे कारण युफोर्बिया ओबेसा. दक्षिण आफ्रिकेच्या कारू प्रदेशातील ही चेंडूसारखी गोल वनस्पती. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी १९०३ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले, आणि पुढे संग्राहकांनी इतकी उपटली की मूळ ठिकाणी तिचे अस्तित्व धोक्यात आले. त्यामुळे घरी तयार झालेल्या प्रत्येक बीचे मला मोल वाटते. तिची नर आणि मादी रोपे वेगळी असतात. नराच्या माथ्यावरील इवल्या फुलांतला पिवळा पराग या ब्रशच्या टोकाला नेमका चिकटतो आणि मादीच्या तीन फाट्यांच्या कुक्षीवर (पराग स्वीकारणाऱ्या टोकावर) हलकेच उतरतो. फळ पिकल्यावर फट्कन फुटून बी दूर उडते, म्हणून त्यावर मऊ जाळीची पिशवी बांधणे आवश्यक आहे. संचात अशी एखादी पिशवी दिली असती, तर ती चपट्या ब्रशपेक्षा कितीतरी उपयोगी पडली असती.

हॉवर्थिया या दुसऱ्या सक्युलंटच्या बाबतीत हाच ब्रश पूर्ण निरुपयोगी ठरला. तिचे फूल अरुंद नळीसारखे असते आणि कुक्षी तळाशी असते. ब्रशचे केस तोंडाशीच दुमडतात आणि पराग पाकळ्यांनाच लागतो. अखेर गळाच्या तंगुसाचा बारीक तुकडा घेऊन ताज्या फुलातील पराग दोन दिवस जुन्या फुलात पोहोचवला, तेव्हा काम जमले.

विक्रेत्याने खोक्यावर 'प्रत्येक फुलाला फळ' असे छापले आहे, आणि या दाव्याबद्दल माझी खरी तक्रार आहे. हॉवर्थिया सहसा स्वतःच्या परागाने बी धरत नाही, आणि एकाच मातृरोपाची पिल्ले कितीही कुंड्यांत वाढवली तरी ती जनुकीयदृष्ट्या एकच रोप असतात. पहिल्या हंगामात माझ्याकडील तिन्ही कुंड्या अशाच एका रोपाच्या पिल्लांच्या होत्या, त्यामुळे एकही बोंड धरले नाही आणि दोष मी माझ्या हाताला देत राहिले. पुढच्या वर्षी मैत्रिणीकडील वेगळ्या रोपाचा पराग आणला, आणि त्याच रोपांवर बोंडे फुगली. माहितीपत्रकात याविषयी एक ओळ असती, तर माझा एक अख्खा हंगाम वाचला असता.

एका जातीसाठी वापरलेला ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून पूर्ण वाळवल्याशिवाय दुसरीला लावू नये, अन्यथा नकळत संकरित बी तयार होते. या धुण्याने शून्य नंबरच्या ब्रशचे केस अजूनही विस्कटलेले नाहीत. संपूर्ण संच मी पुन्हा घेणार नाही; चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानातून शून्य नंबरचे दोन-तीन सुटे ब्रश आणि थोडी तंगूस घेईन.