बेली पूल आणि तो उभारणारे सॅपर्स : एका वापरकर्त्याचे परीक्षण

बेली पूल, म्हणजे सुटे पोलादी भाग जोडून झटपट उभारायचा पूल, ही सामान्य ग्राहकाने दुकानात जाऊन घ्यायची वस्तू नव्हे. पण उत्तराखंड, हिमाचल किंवा लडाखमध्ये फिरून आलेल्या बहुतेक मराठी प्रवाशांनी तो ओलांडलेला असतो, आणि ज्यांच्या गावाचा रस्ता पुराने तोडला त्यांच्यासाठी काही काळ तोच एकमेव रस्ता असतो. म्हणूनच त्याकडे वस्तू आणि सेवा अशा दोन्ही नजरांनी पाहायला हवे. माझे मत आधीच सांगतो : वस्तू म्हणून तो जुना, खडखडणारा आणि अरुंद आहे, तातडीची सेवा म्हणून मात्र त्याच्या तोडीचे काही आपल्या देशात नाही, आणि याचे श्रेय पोलादापेक्षा भारतीय सेनेच्या इंजिनिअर कोअरच्या, म्हणजे अभियंता दलाच्या, घडणीला अधिक आहे. या दलाच्या जवानांना सॅपर म्हणतात.

डॉनल्ड बेली या ब्रिटिश अभियंत्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या पुलाची आखणी केली. दहा फूट लांबीचे, सुमारे २६० किलो वजनाचे पोलादी पॅनेल हा त्याचा मूळ घटक आहे. सहा जवानांनी ते दांड्यांवर उचलावे आणि पिनांनी पुढच्या पॅनेलला जोडावे, अशी त्याची रचना आहे. अधिक भार पेलायचा असेल तर पॅनेलांच्या रांगा शेजारी शेजारी दुहेरी-तिहेरी लावतात किंवा एकावर एक चढवतात. सुटे भाग तेच राहतात, ताकद बदलते. सगळा पूल एकाच काठावर रोलरांवर बांधला जातो, त्याच्या पुढे हलका सांगाडा जोडला जातो, आणि मागचे वजन तोल सांभाळत असताना तो पलीकडे ढकलला जातो. सांगाडा समोरच्या काठावर टेकला की तो सोडवून घेतात. पलीकडच्या काठावर क्रेन नेता येत नाही, तिथे ही पद्धत किती मोलाची ठरते हे वेगळे सांगायला नको. आज कोलकात्याची गार्डन रीच शिपबिल्डर्स ही सरकारी कंपनी या जातीचे पूल देशातच बनवते.

या सेवेचा अलीकडचा सर्वांत कठीण कस ३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळमधल्या वायनाडमध्ये लागला. दरडींनी चूरलमला आणि मुंडक्कई यांना जोडणारा पूल वाहून गेला आणि पलीकडे अडकलेल्यांपर्यंत जेसीबी पोहोचवणे अशक्य झाले. बेंगळूरूच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपने, म्हणजेच मद्रास सॅपर्सनी, काही साहित्य ट्रकांनी आणले, काही दिल्लीहून विमानाने कन्नूरला उतरले, आणि ३१ जुलैच्या रात्री सुरू झालेले काम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपले. १९० फूट लांबीचा म्हणजे एका पॅनेलच्या लांबीच्या १९ खणांचा, २४ टनांपर्यंतचा भार पेलणारा हा पूल पावसात, चिखलात आणि फुगलेल्या नदीवर उभा राहिला. या कामावर असलेल्या मेजर सीता शेळके अहिल्यानगर जिल्ह्यातल्या. त्यांचे छायाचित्र तेव्हा मराठी वृत्तपत्रांत झळकले, ते योग्यच होते, जरी त्यामुळे शंभराहून अधिक जवानांची फळी थोडी झाकोळली गेली.

एका दिवसात पूल उभा राहतो तो केवळ जिद्दीने नव्हे, तर त्यामागची रचना तशी असते म्हणून. मद्रास, बंगाल आणि बॉम्बे हे तीन सॅपर ग्रुप अनुक्रमे बेंगळूरू, रुड़की आणि आपल्या खडकी येथे आहेत. त्यांची परंपरा ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापर्यंत मागे जाते. एकत्रित कोअर १९३२ मध्ये झाली. हे ग्रुप मुख्यतः भरती, प्रशिक्षण आणि नोंदी सांभाळतात. तिथे घडलेला सॅपर पुढे देशभरच्या इंजिनिअर रेजिमेंटांत जातो, ज्यांच्या फील्ड कंपन्या लढणाऱ्या तुकड्यांबरोबर राहतात. नदी ओलांडून देणे, सुरुंग काढणे, शत्रूची वाट अडवणे आणि आपली मोकळी करणे हे त्यांचे युद्धातले काम. बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांना परमवीर चक्र मिळाले ते याच कामासाठी : एप्रिल १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे हटवून त्यांनी रणगाड्यांना रस्ता करून दिला.

कोअरच्या इतर शाखा शांततेतल्या माणसाला अधिक भेटतात. छावण्यांच्या इमारती, पाणी आणि वीज मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस सांभाळते. १९६० मध्ये स्थापन झालेल्या सीमा रस्ते संघटनेतही कोअरचे अधिकारी असतात, आणि हिमालयातले कित्येक बेली पूल तिचेच आहेत. अधिकाऱ्यांचे शिक्षण दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये होते. पुण्यातच दिघीला डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची प्रयोगशाळा आहे, जिने ट्रकांवरून उलगडणारा, पाच मोठ्या टप्प्यांत ७५ मीटरपर्यंत पोहोचणारा ‘सर्वत्र’ पूल तयार केला. कोअरचे ब्रीदवाक्यही ‘सर्वत्र’ हेच. तो बेलीपेक्षा कितीतरी चपळ आहे, पण रणगाड्यांच्या गरजेसाठी बनलेला. महापुरानंतर महिनोन्‌महिने वापरात ठेवण्यासाठी साधा, दुरुस्त करता येणारा बेलीच बरा.

शहरी ग्राहकाला ही सेवा मिळाली ती मुंबईत. २९ सप्टेंबर २०१७ च्या एल्फिन्स्टन रोड स्थानकावरील चेंगराचेंगरीनंतर तिथे, करी रोडला आणि आंबिवलीला पादचारी पूल बांधण्याचे काम सेनेकडे देण्यात आले आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी ते खुले झाले. सैनिकांना असल्या कामाला जुंपावे का, यावर तेव्हा बरीच टीका झाली. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या तोंडावर कोसळलेल्या पादचारी पुलाच्या जागीही सेनेनेच पूल दिला होता. आपत्तीत नागरी प्रशासनाने मागणी करायची आणि सेनेने धावून जायचे ही रीत मला मान्य आहे. पण वर्षानुवर्षे लांबलेल्या नागरी कामाला तीच वाट दाखवणे म्हणजे अग्निशमन दलाला रोजचे पाणी भरायला लावणे होय. या बाबतीत उणे गुण पूल मागणाऱ्यांना द्यावेत, बांधणाऱ्यांना नव्हे.

आता वापराविषयी. गाडी चढताच तळाच्या फळ्या किंवा पत्रे आवाज करतात, पूल किंचित दबतो आणि नवखा प्रवासी दचकतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, पिनांच्या सांध्यांत थोडी मोकळीक असतेच. एका वेळी एकच गाडी जाऊ शकत असल्याने हंगामात दोन्ही बाजूंना रांगा लागतात. खरा दोष मात्र त्याच्या आयुष्यक्रमात आहे : तात्पुरता म्हणून आलेला पूल आपल्याकडे कायमचा होऊन बसतो, रहदारी वाढत जाते आणि भारमर्यादेचा फलक रंग उडून नाहीसा होतो. जून २०२० मध्ये उत्तराखंडच्या पिथौरागड जिल्ह्यात मुनस्यारीजवळ अवजड यंत्र लादलेला ट्रक चढला आणि बेली पूल कोसळला. सीमा रस्ते संघटनेने आठवड्याच्या आत तो पुन्हा उभारला, ही सेवेची थोरवी. पण क्षमतेपेक्षा जड वाहन पुलावर पोहोचलेच कसे, हे व्यवस्थेचे अपयश होते.

तातडीची सेवा म्हणून मी याला पाचपैकी पाच गुण देईन, कायमस्वरूपी पूल म्हणून दोन. स्वतःची गाडी घेऊन डोंगरात जाणाऱ्यांनी काठावरच्या फलकावरील टनांचा आकडा वाचावा, पुढची गाडी पूर्ण उतरेपर्यंत थांबावे, मधोमध फोटोसाठी थांबू नये आणि अचानक ब्रेक दाबू नये. ट्रेकला बस किंवा टेम्पो ट्रॅव्हलर ठरवताना, वाटेतल्या पुलांची भारमर्यादा चालकाला माहीत आहे का, हेही विचारून घ्यावे.