सिव्हिलायझेशन ७ : नऊ महिने खेळून झाल्यावर

२०२५ च्या फेब्रुवारीत हा गेम आला त्याच आठवड्यात मी लिहायला बसलो होतो. लिहिलं नाही ते बरं झालं, शिव्यांपलीकडे त्यात काही नसतं. आता नोव्हेंबर उजाडलाय, स्टीमवर (गेम विकत घेऊन खेळायचं ॲप) माझे २६० तास दिसतायत, मधे पावसाळ्यात दोन महिने हातही लावला नव्हता, आणि राग बऱ्यापैकी निवलाय. सगळा नाही.

या मालिकेशी माझं नातं जुनं आहे. १९९१ साली पहिला सिव्हिलायझेशन आला तेव्हा गोव्यात, डिचोलीला आम्ही टीव्हीसुद्धा शेजारी जाऊन बघायचो, त्यामुळे तो जमाना हुकला. मी आलो चौथ्या भागापासून, फोंड्याच्या आतेभावाच्या कॉम्प्युटरवर. मग पाचवा, मग २०१६ चा सहावा. सहाव्यावर किती तास गेले ते बायकोनं विचारलं की मी स्टीम बंद करतो. चवथीला मूळ घरी सगळे जमलो की रात्री आरत्या, भजन उरकल्यावर आम्ही चार भाऊ एका लॅपटॉपसमोर बसायचो. हॉटसीट, म्हणजे एकाच मशीनवर आळीपाळीनं चाल. ज्याची चाल नाही त्यानं पाठ फिरवून नेवऱ्या खायच्या. सातव्या भागात हॉटसीट नाही. मला हे आधी बघायचं सुचलं नाही. यंदा चवथीला चौघं जमलो, लॅपटॉप उघडला, मेनू दोनदा चाळला आणि शेवटी पत्ते काढले.

ज्यांनी हा प्रकार कधीच खेळला नाही त्यांच्यासाठी: एक संस्कृती घ्यायची आणि पहिल्या वस्तीपासून रेल्वे, कारखान्यांपर्यंत न्यायची, एकेक चाल करत. 'आता ही शेवटची चाल' म्हणत रात्रीचे दोन वाजतात. सहाव्या भागापर्यंत सुरुवातीला घेतलेली संस्कृती शेवटापर्यंत तुमचीच राहायची. सातव्यानं ते मोडलं. इथे तीन युगं आहेत, प्राचीन, शोधयुग आणि आधुनिक, आणि प्रत्येक युग संपलं की नवी संस्कृती निवडावी लागते. नेता मात्र तोच राहतो, आणि नेत्याचा संस्कृतीशी संबंध असलाच पाहिजे असं नाही. त्यामुळे बेंजामिन फ्रँकलिन मौर्यांवर राज्य करतो आणि मॅकियाव्हेली चोळांचं आरमार हाकतो. पहिल्या दिवशी हे नाटकात भलत्याच पात्राला भलताच मुकुट चढवल्यासारखं वाटलं. आता सवय झाली. मी स्वतः बहुतेक डाव इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाला घेऊन खेळतो. तो चौदाव्या शतकात खरोखरच गोव्यात येऊन गेला होता, त्याच्या वृत्तांतात 'संदाबूर' म्हणून नाव आहे, तेव्हा तो आपला पाहुणाच.

भारतातून जायचं तर वाट मौर्य, चोळ, मुघल अशी आखलेली आहे. पुढचा प्रश्न मला माहीत आहे: मराठे कुठे? नाहीत. चोळांनंतर थेट मुघल, आणि तेही आधुनिक युगात, म्हणजे रेल्वे आणि कारखान्यांच्या काळात. ज्या काळात मुघल बादशहा दिल्लीपुरता उरला होता, त्या काळात इथे तो बाकी सगळ्यात घट सोसून सोन्याच्या राशी जमवतो. नंतर विकत घ्यायच्या एका संचात झाशीच्या राणी लक्ष्मीबाई नेत्या म्हणून आल्या. तांबे घराण्यातली मुलगी आली याचा आनंद आहे, पण तिला राज्य करायला मराठे नाहीत ते नाहीतच. चोळ मात्र मनापासून केलेत. त्यांच्या खास इमारतींची नावं मणिग्रामम आणि अंजुवण्णम आहेत, म्हणजे दक्षिणेतल्या खऱ्या व्यापारी संघांची. बनवणाऱ्यांपैकी कुणीतरी नीट वाचून आलंय.

आता युगबदल. पहिले दोन महिने याच्यामुळेच डोकं फिरायचं. शेजाऱ्याशी युद्ध चाललंय, त्याच्या राजधानीच्या तटाला भगदाड पडलंय, अजून तीन चालींत शहर हातात येणार, आणि युग संपलं. युद्ध रद्द. फौजा पुन्हा वाटल्या गेल्या, माझी बरीचशी शहरं खाली घसरून पुन्हा गावं झाली. वर मीटर चालू असतो, युग किती टक्के सरलं ते दिसत असतं, पण रंगात आलेला माणूस मीटर बघत नाही. नंतरच्या अपडेटमध्ये फौजा जागच्या जागी ठेवण्याचा पर्याय दिला, तो निवडाच, न विचारता निवडा. तेवढ्यानं अर्धी चिडचिड गेली.

राहिलेली अर्धी जायला मला जुन्या गोव्यात जावं लागलं, आणि ते ठरवून नाही. एका पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. सगळे से कॅथेड्रल आणि बासिलिकेच्या बाजूला जातात, मी सांत काजेतान चर्चकडे वळलो. तिथे आवारात काळ्या दगडाची एक चौकट उभी आहे, आदिलशहाच्या वाड्याचा दरवाजा. वाडा नाही, भिंत नाही, नुसता दरवाजा. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कनं हे शहर घेतलं त्याच्या आधीचा. मागे पांढरंशुभ्र चर्च. मला क्षणभर गेममधली चौकोनी इमारत दिसली. सातव्या भागात जुन्या युगाची इमारत नव्या युगात निकामी होते आणि तिच्याच जागेवर नवी चढवावी लागते. शहराची वाढ अशीच, थरावर थर. बनवणारे ही गोष्ट सुरुवातीपासून सांगत होते, इतिहास थरांनी बनतो म्हणून, आणि मी ती जाहिरातबाजी समजत होतो. कदंब राजांची राजधानी गोपकपट्टणला गेली, मग कुणी एल्ल्याला, म्हणजे आजच्या जुन्या गोव्यात नेली, मग साथींनी एल्ला ओस पडलं आणि १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली. गेममध्ये शोधयुगाच्या शेवटी साथीचं संकट येऊ शकतं आणि युग बदलताना राजधानी हलवायची मुभा मिळते. गोव्याच्या माणसाला याहून ओळखीचं काय असणार? आपल्याला एकच संस्कृती आदिपासून अंतापर्यंत लागते हा हट्ट मला तेव्हा थोडा पोरकट वाटला. थोडाच.

नद्या! पहिल्यांदाच या मालिकेत मोठ्या नदीतून जहाज आत नेता येतं. मांडवीतून खनिजाच्या बार्जी जाताना बघत मोठा झालेल्या माणसाला नदी म्हणजे नकाशावरची निळी रेघ हे कधी पटलंच नव्हतं. समुद्रापासून आत वसलेल्या शहरालाही आता आरमाराची भीती असते, आणि मी तिथे मुद्दाम वसतो. सेनापतींची नवी व्यवस्थाही झकास आहे. पाच-सहा तुकड्या एका सेनापतीत बांधायच्या आणि एकत्र हलवायच्या. सहाव्यात डोंगराच्या खिंडीतून एकेक तुकडी ओढत न्यायचो, तो जाच संपला. मजूर काढून टाकलेत. शहर वाढलं की नवं शेत किंवा खाण कुठे हवी ते आपणच दाखवायचं. मला मजुरांची आठवण एकदाही आली नाही.

दिसण्याबद्दल: शहरं इतकी देखणी आहेत की मी चाल विसरून झूम करत बसतो, आणि मेनू मात्र कुणीतरी शुक्रवारी संध्याकाळी उरकल्यासारखे करडे आणि मुके. कुठल्या जागेवर इमारत टाकली तर काय मिळेल हे कळायला सुरुवातीला अंदाजच लावायचा. शहराचं नावसुद्धा बदलता येत नव्हतं. जिंकल्यावर पुढे खेळत राहायची सोयही नव्हती, ज्या मालिकेची ओळखच 'अजून एक चाल' ही आहे तिच्यात! दोन्ही गोष्टी नंतर आल्या, मोठे नकाशेही आले. मेनूंसाठी मॉड, म्हणजे खेळाडूंनीच बनवलेल्या सुधारणा टाका, फुकट मिळतात. कॉम्प्युटर स्वतः कसा खेळतो याबद्दल एवढंच सांगतो: तुमच्या दोन शहरांच्या मधे चार घरांची फट राहिली की अर्ध्या जगापलीकडून एखादा राजा येऊन तिथे वस्ती ठोकतो, आणि मग तुम्हीच त्याच्या हद्दीत घुसलात म्हणून रुसतो.

खरं बोलायचंय ते शोधयुगाबद्दल. खेळ म्हणून हे मधलं युग सगळ्यात कल्पक आहे, आणि सगळ्यात जास्त तेच मला खटकलं.

या युगात नकाशाची दुसरी बाजू उघडते. तोवर खोल समुद्र ओलांडता येत नाही. पलीकडच्या भागाला गेम 'डिस्टंट लँड्स' म्हणतो, दूरचे देश. तिथे मसाले, साखर, कोको, चहा असलं काहीबाही असतं. तिथल्या किनाऱ्यावर वस्ती करायची, माल जमला की खजिन्याचं जहाज तयार होतं, ते मायदेशी हाकत आणायचं. वाटेत कुणी लुटू शकतं म्हणून सोबत आरमार ठेवायचं. असे ३० गुण जमवले की आर्थिक वाट, म्हणजे युगातलं ते उद्दिष्ट, पूर्ण. खेळायला फार मजा येते, खोटं का बोला. पहिलं मसाल्याचं जहाज बंदराला लागलं तेव्हा मी रात्री दीडला एकटाच टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी कदंबा बसमध्ये पणजीला जाताना लक्षात आलं की ते दूरचे देश म्हणजे आम्ही. मिरीसाठी कुणीतरी ज्या किनाऱ्याला लागलं तो किनारा खिडकीबाहेर होता. मी जेवढे डाव एकट्यानं, पहिल्या युगापासून खेळलो त्या प्रत्येकात मी जहाजावरच होतो, किनाऱ्यावर कधीच नाही. पलीकडे राहणारा, ज्याच्या दारात परकं जहाज येऊन ठेपतं, त्याची बाजू मला एकदाही मिळाली नाही. लष्करी वाटेचे गुण तर बघा: दूरच्या देशात नवी वस्ती केली तर गुण, तिथलं शहर जिंकलं तर जास्त, आणि त्या शहरात तुमचा धर्म असेल तर आणखी जास्त. या वाटेला दिलेलं नाव स्पेनच्या दुसऱ्या फिलिपचं ब्रीद आहे, 'जग पुरेसं नाही' अशा अर्थाचं. बनवणाऱ्यांनी इतिहास चुकवलेला नाही. अगदी बरोबर लिहिलाय, फक्त एकाच बाजूच्या खुर्चीत बसून.

धर्माचा भाग त्याच युगात येतो आणि तो खेळ म्हणूनही फसलाय. धर्मप्रसारक पाठवायचा, शहरात एकदा टिचकी, आसपासच्या वाडीवर एकदा टिचकी, शहर बाटलं. चार चालींनी शेजाऱ्याचा माणूस येतो, दोन टिचक्या, पुन्हा त्याच्या बाजूला. थोपवायचा काही मार्गच नाही, त्यामुळे युगभर दोघांचे प्रसारक एकमेकांच्या अंगावरून ये-जा करत राहतात. सहाव्यात निदान धर्मयुद्ध तरी होतं. त्यात इन्क्विझिटर (पाखंडी शोधणारा चर्चचा अधिकारी) नावाचा मोहराही होता, आणि माझा आतेभाऊ, ज्यांचं कुलदैवत मंगेश, त्यानं तो अख्ख्या आयुष्यात एकदाही बांधला नाही. कितीही शहरं जावोत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांपासून वाचवायला कुशस्थळीहून मंगेशाची मूर्ती जुवारी ओलांडून प्रियोळला नेली, असे कितीतरी देव अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याकडे आले. शहर हातचं गेलं पण देव घेऊन निघालो, ही चाल कुठल्याच भागात नाही. मी ती गंमत म्हणून सांगत नाही, गेमला ती खरंच पेलली असती. अवशेष गोळा करून गुण मिळवणं त्यात आहेच, मग देव हलवणं का नको?

आणि पोर्तुगाल? सहाव्या भागात २०२१ मध्ये आला होता, तिसरा जुआंव राजा, नाऊ जहाजं आणि परक्या किनाऱ्यावर बांधायच्या फेतोरिया, म्हणजे वखारी घेऊन. सातव्यात मसाल्याच्या जहाजांवर अख्खं युग उभं केलंय आणि मी खेळलो तोवर त्यात पोर्तुगीज नाहीत. स्पेन आहे. हे म्हणजे हुमणाला मासेच नाहीत.

आधुनिक युगाबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही. रेल्वे, कारखाने, विचारसरणी, अणुबॉम्ब, शेवटची धावपळ. तिथवर येईपर्यंत कोण जिंकणार ते कळलेलं असतं. विज्ञानाच्या वाटेनं गेलात तर माणूस अवकाशात गेला की खेळ संपतो. तसं धरलं तर १९६१ चा एप्रिल. गोवा मुक्त झाला १९६१ च्या डिसेंबरात. म्हणजे आठ महिन्यांनी हुकलो.

घ्यावा का? सहावा भाग कधीच खेळला नसेल तर आधी तो घ्या, सेलमध्ये मातीमोल मिळतो. जुने खेळाडू असाल आणि पाचवा अजून लॅपटॉपवर असेल तर सातवा घ्या, पण पूर्ण किमतीला नाही, चार आकडी रक्कम आहे. संच तर लांबच ठेवा. माझा मशीन १६ जीबीचा, मधल्या दर्जाच्या ग्राफिक्स कार्डाचा आहे, त्यावर व्यवस्थित चालतो, फक्त आधुनिक युगात पंखा विमानासारखा वाजतो. पावसात वीज गेली तरी आपोआप सेव्ह होत असल्यानं एखाद-दुसऱ्या चालीपलीकडे काही गेलं नाही. एकच संस्कृती तिन्ही युगांत ठेवायचा पर्याय तपासतोय असं बनवणाऱ्यांनी आता सांगितलंय. येऊ दे, मी वापरून बघेन, पण एके काळी त्यासाठी जेवढा ओरडलो होतो तेवढी घाई राहिलेली नाही.

सध्या चोळांचा एक डाव अर्धवट आहे. नदीच्या मुखापासून आत एक शहर वसवलंय, नाव रोमन अक्षरांत 'एल्ला' टाकलंय. काल स्पेनचा प्रसारक नदीकाठानं वर आला आणि दोन टिचक्यांत काम उरकून गेला. माझ्याकडे एक प्रसारक शिल्लक होता. मी त्याला तसाच बंदरावर उभा ठेवला आणि झोपायला गेलो.