नव्या स्प्रिंगांचे पैसे घेतले, बसवल्या माझ्याच कापून

गाडी 'लो' करून, म्हणजे तिची उंची कमी करून देणाऱ्या पुण्यातल्या एका दुकानाने माझ्याकडून नव्या जर्मन स्प्रिंगांचे 48,000 रुपये घेतले आणि गाडीच्या जुन्याच स्प्रिंगा कापून, रंगवून परत बसवल्या. तक्रार सुरू असल्यामुळे दुकानाचं नाव लिहीत नाही. युक्ती मात्र पूर्ण सांगतो. ती इतक्या सफाईने केली होती की हा त्यांचा पहिला प्रयोग नसावा.

गाडी दुसऱ्या हाताची ऑडी टीटी. मला आयबाख या जर्मन कंपनीचा प्रो-किट, म्हणजे गाडी खाली आणणाऱ्या स्प्रिंगांचा संच, हवा होता. अशा किटने गाडी साधारण 25-30 मिलिमीटर खाली येते, शॉकअप मूळचेच राहतात. काउंटरवर खोका उघडून दाखवला, आत चार काळ्या स्प्रिंगा होत्या. सकाळी गाडी ठेवायची, संध्याकाळी न्यायची. काम चालू असताना आत येऊ देत नाहीत, "सेफ्टीचा विषय आहे सर." संध्याकाळी गाडी दिसत होती मात्र झकास. जुन्या स्प्रिंगा मागितल्या तर मालक हसला, "पोरांनी भंगारात टाकल्या सर, काय करणार होता त्यांचं?" बिलावर फक्त 'सस्पेन्शन वर्क'. ना कंपनी, ना पार्ट नंबर.

पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून 'टंग' असा आवाज यायला लागला. स्पीडब्रेकरवर तर कंबरेत धक्का बसायचा. (इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा. आमच्या सोसायटीबाहेरचा कोणत्या नियमाने घातलाय, ते घालणाऱ्यालाच ठाऊक.) दुकानातून एकच उत्तर: "नवीन स्प्रिंग सेट व्हायला वेळ लागतो." हे अर्धसत्य आहे, म्हणूनच पटतं. नवी स्प्रिंग थोडी बसते खरी, पण बसताना आवाज करत नाही.

प्रकार उघडा पडला तो व्हील अलाइनमेंटला. टायर आतल्या कडेने झिजायला लागले होते. गाडी लिफ्टवर गेली, चाकं लटकली, आणि तिथल्या पोराने पुढची स्प्रिंग हाताने गोल फिरवून दाखवली. तिथून मी गाडी नाना पेठेतल्या एका जुन्या फिटरकाकांकडे नेली. त्यांनी स्प्रिंग बाहेर काढली, रंगावर पॉलिश पेपर घासला. वरच्या काळ्या रंगाखाली जुना काळा रंग निघाला आणि त्यावर कारखान्यात मारलेले रंगीत ठिपके. टोकाला ग्राइंडरने कापल्याची सपाट, निळसर पडलेली कड. काका म्हणाले, "साहेब, कुठल्या जर्मनीतनं आल्यात? ह्या तर तुमच्याच गाडीच्या आहेत."

कापलेली स्प्रिंग का चालत नाही, हेही त्यांनीच समजावलं. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि कामाच्या वेढ्यांची संख्या यांवर ठरतो. सहापैकी एक वेढा उडवला तर ती साधारण 20 टक्के कडक होते. पण गाडी त्या मानाने फारच खाली बसते, शॉकअपला दबायला जागा उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात वजन बम्प स्टॉपच्या रबरावर आदळतं. शिवाय लांबी कमी झाल्यामुळे चाक लटकलं की स्प्रिंग सैल पडते, बैठकीतून सरकते. माझा 'टंग' तोच. खरी लोअरिंग स्प्रिंग शॉकअप पूर्ण लांबलेला असतानाही थोडी दाबलेलीच राहील अशी बनवलेली असते. आणि हे लोक ग्राइंडरऐवजी गॅसने कापतात तेव्हा उष्णतेने तारेचं पाणीच उतरतं. खंबाटकी घाटाच्या उतारावर असली स्प्रिंग तुटली असती तर, हा विचार मी मुद्दाम पुढे नेत नाही.

म्हणून कोणी हे काम करून घेणार असेलच, तर जुन्या स्प्रिंगा परत हव्यात हे पैसे देण्याआधी बिलावर लिहून घ्या. ही एवढी अट घातली तरी ही फसवणूक जमत नाही, कारण कापायला त्यांच्याकडे माल उरत नाही. अस्सल किटमध्ये खोक्यावर नंबर असतो आणि स्प्रिंगवरही छापलेला असतो. बसवण्याआधी दोन्हींचे फोटो घ्या आणि गाडी लिफ्टवर असताना स्प्रिंग हाताने फिरते का तेवढं पाहा.

मी जाब विचारायला गेलो तेव्हा मालकाचा सूर बदलला. "कंझ्युमरमध्ये जा की. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचलंय का? मॉडिफिकेशन तुमच्याच गाडीत आहे." खरा धंदा इथे आहे. कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करायला कायद्याची मनाई आहे, सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये ते ठणकावून सांगितलंय. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनीला हेच निमित्त पुरतं. त्यामुळे फसलेला माणूस गप्प बसेल, हे गृहीत धरूनच तो कापतो. पण पैसे एका मालाचे घेऊन दुसरा बसवणं ही फसवणूकच आहे. पूर्वी आपण ज्याला 420 म्हणायचो, ते आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही, आणि 1915 ही हेल्पलाइन मराठीतही बोलते.

गाडीत आता कंपनीच्याच, मूळ मापाच्या दुसऱ्या स्प्रिंगा आहेत, उंची पूर्ववत. कापलेल्या चारही माझ्याकडे आहेत, रंग खरवडलेल्या, फिटरकाकांच्या सहीच्या चिठ्ठीसकट. परवा मालकाचा फोन आला: निम्मे पैसे देतो, 'तक्रार नाही' असं लिहून द्या. मी म्हटलं, आधी ही ऑफरच लेटरहेडवर लिहून पाठवा. अजून आलेली नाही.