कापडी लंगोट, स्लिंग आणि शू-शू: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांच्या मांडीवर आत्ता बाळ आहे त्यांना सगळं वाचत बसायला नको. स्लिंग, म्हणजे बाळ अंगाशी बांधून घ्यायचं कापड, घ्याच. कापडी लंगोट दिवसा वापरा, रात्रीचं स्वतःच्या झोपेकडे बघून ठरवा. शू-शूची सवय फुकट आहे, जमेल तेवढी लावा. आणि यातलं काहीही आणण्याआधी घरात सगळ्यांसमोर एक प्रश्न विचारा: धुणार कोण?

आम्ही इंदूरला राजेंद्रनगरमध्ये राहतो. घरात सासू-सासरे, नवरा आणि मी. मुलगी जुलैत झाली, आता रांगते आणि पलंगाला धरून उभी राहते. पावसाळा, थंडी आणि माळव्याचा मे महिना, तिन्ही ऋतूंत या वस्तू वापरून झाल्या आहेत. सव्वीस आठवड्यांची रजा संपल्यावर मी नोकरीवरही परतले, त्यामुळे घरी असतानाचा आणि नसतानाचा, दोन्ही अनुभव आहेत.

सुरुवात खरं तर दवाखान्यातच झाली. जन्मतः तिचं वजन २.१ किलो. अडीच किलोच्या खाली असलं की कमी वजनाचं बाळ समजतात. तिथल्या सिस्टरने पहिल्याच दिवशी तिला फक्त टोपी आणि लंगोट घालून माझ्या उघड्या छातीवर उभं ठेवलं आणि वरून कापड बांधलं. याला कांगारू केअर म्हणतात. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटामध्ये डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी ही पद्धत सुरू केली, कारण तिथे बाळं जास्त होती आणि काचेच्या पेट्या कमी. आता जागतिक आरोग्य संघटनाही कमी वजनाच्या बाळांसाठी दिवसाचे ८ ते २४ तास हे करा असं सांगते. चोवीस तास एकट्या आईला कसे जमणार? म्हणून सिस्टरने नवऱ्यालाही शर्ट काढून बसवलं. घरी आल्यावर सासूबाईंना ते विचित्र वाटलं. "अरे, पुरुषाच्या छातीवर काय झोपणार ती?" पण ती झोपली, आणि मी त्या वेळात गरम जेवले. दुसऱ्या दिवशी सासूबाईच त्याला म्हणाल्या, "चल, घे तिला. हिला न्हायला जाऊ दे." पुढे आमच्याकडे जे काही निभावलं त्याचं मूळ मला या एका गोष्टीत दिसतं. बाळ बापाच्या अंगावर पहिल्या आठवड्यापासून होतं, त्यामुळे बाळाचं काम म्हणजे आईचं काम अशी वाटणी घरात झालीच नाही.

स्लिंग. आम्ही दोन वापरल्या. पहिली ऑनलाइन मागवलेली, पुढे बकलं असलेली आणि बैठक अगदी अरुंद. तीत बाळाचे पाय सरळ खाली लोंबकळतात आणि सगळा भार जांघांवर येतो. ती परत केली. दुसरी रिंग स्लिंग: एका टोकाला दोन कड्या असलेलं लांब सुती कापड, खांद्यावरून घ्यायचं आणि कड्यांतून ओवून ओढायचं. बाळाचे गुडघे ढुंगणापेक्षा वर आणि मांड्या फाकलेल्या, बेडकासारख्या, असे बसले पाहिजेत. खुब्याच्या सांध्यासाठी तेच चांगलं. कापडाची वरची किनार वेगळी ओढायची, खालची वेगळी. सगळं एकदम ओढलं की मधे झोळ राहतो आणि बाळ त्यात घसरून गोळा होतं. हनुवटी छातीला टेकता कामा नये, खाली दोन बोटं मावली पाहिजेत, कारण एवढ्या लहान बाळाची मान वाकली तर श्वास अडतो. तोंड कायम दिसलं पाहिजे आणि आपली मान जराशी झुकवून तिच्या कपाळाची पापी घेता आली पाहिजे. पहिले काही दिवस मी आरशासमोर पलंगाच्या काठाशी उभी राहून, नवऱ्याला शेजारी ठेवून बांधत होते. तुम्हीही तसंच करा.

संध्याकाळी सहा-साडेसहाला जी किरकिर सुरू होते, ती स्लिंगमध्ये घेऊन गच्चीवर फेऱ्या मारल्या की थांबायची. थंडीत तर ती आणि मी दोघी एका शालीत. मे महिन्यात मात्र दुपारी स्लिंग नकोच, दोघींना घाम फुटतो. उन्हं कलल्यावर गच्चीवर वारा सुटला की घ्या. गॅसपाशी स्लिंग घालून उभं राहू नका. आणि एक कळकळीने सांगते: आपल्या शहरात बाळ पुढे बांधून स्कूटर चालवणारे आई-बाप रोज दिसतात. स्लिंग चालण्यासाठी आहे. ब्रेक दाबावा लागला तर त्या कापडाने काहीही अडत नाही.

आता लंगोट. सगळ्यात जास्त प्रश्न याच्यावरच येतात.

आमच्याकडे दोन प्रकार आहेत. एक, सासूबाईंनी सासऱ्यांच्या जुन्या धोतरांचे शिवलेले तिकोनी, नाड्यांचे. दुसरे विकतचे: बाहेरून पाणी न झिरपणारं पीयूएल कापड, पुढे टिचबटणं, आत खिसा आणि खिशात घालायचं पॅड. टिचबटणांनी माप लहान-मोठं करता येतं म्हणून जन्मापासून चालतात असं पाकिटावर लिहिलेलं असतं. आमच्या बाळाला पहिले दोन-अडीच महिने ते मांडीशी सैल होत होते. त्या काळात फक्त तिकोनी चालले.

तिकोनीचा सगळ्यात मोठा फायदा कुठल्याच जाहिरातीत सापडणार नाही. दूध पुरतंय का, ही पहिल्या आठवड्यातली सगळ्यात मोठी काळजी. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळ चोवीस तासांत सहा किंवा त्याहून जास्त वेळा शू करत असेल तर पोटात दूध जातंय असं समजतात. तिकोनी लंगोट प्रत्येक वेळी ओला होतो आणि लगेच कळतं. माझ्या आईने बाळंतिणीच्या खोलीत भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने रेघा मारायला सुरुवात केली, आणि त्या रेघांनी मला जेवढा धीर दिला तेवढा कुणाच्या बोलण्याने दिला नाही. वरचं दूध सुरू करा असं सांगणारे पाहुणे येत होते. मी कॅलेंडर दाखवत होते.

पावसाळ्यात विकतच्या लंगोटांनी हैराण केलं. आतलं पॅड तीन-चार थरांचं, दोन दिवस पंख्याखाली ठेवलं तरी मधे ओलसर लागायचं. तिकोनी एकेरी कापडाचे, चार तासांत कोरडे, वरून इस्त्री फिरवली की काम झालं. (पीयूएलवर इस्त्री फिरवू नका, वितळतं.) पावसाळ्यात बाळ येणार असेल तर इथल्या सीतलामाता बाजारातून मऊ सुती कापड आणून ढीगभर तिकोनी शिवून घ्या. विकतचे दसऱ्यानंतर आणा.

थंडीत वेगळीच अडचण आली. धुतलेले लंगोट कोरडे असताना चांगले वाटायचे, पण बाळाने शू केली की दोन मिनिटांत नाकात झिणझिण्या आणणारा अमोनियाचा वास. मांडीवर लालीही दिसायला लागली. कारण पाणी. आमच्याकडे नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो, मधल्या दिवशी धुणं बोरिंगच्या पाण्यात. ते पाणी जड, साबण पुरता निघत नाही, पॅडमध्ये साठत जातो आणि त्याला शू धरून राहते. उपाय असा केला: लंगोट नळाच्या दिवशीच धुवायचे, तोवर शूचे साध्या पाण्यातून काढून जाळीच्या टोपलीत उघडे ठेवायचे, बंद बादलीत भिजत ठेवायचे नाहीत. पॅड एकदा गरम पाण्यात रात्रभर ठेवली आणि फेस येणं थांबेपर्यंत खळबळली. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव अजिबात नको, त्याने पॅडचं शोषणं जातं. झिंकचं मलम लावायचंच असेल तर मधे एक सुती फडकं ठेवा. नवी पॅड चार-पाच धुण्यांशिवाय नीट शोषत नाहीत, तेव्हा पहिल्याच दिवशी गळलं म्हणून परत करू नका. आणि आईच्या दुधावरच्या बाळाचे ते हट्टी पिवळे डाग? ओलं पॅड गच्चीवर उन्हात पसरा. संध्याकाळपर्यंत डाग फिका झालेला असतो, ब्लीच लागत नाही.

पर्यावरणाबद्दल खरं ते सांगते. आपल्या इंदूरच्या कचऱ्याच्या गाडीत वापरलेल्या डायपरसाठी वेगळा डबा आहे आणि घरोघरी तो कचरा वेगळा घेतला जातो. हे २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिलं आलेल्या शहराला शोभणारंच आहे, पण वेगळा झाला म्हणून तो कचरा नाहीसा होत नाही. दुसऱ्या बाजूला, धुण्याचं पाणी सत्तरएक किलोमीटरवरच्या जलूदहून पंपाने चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी आहे. ब्रिटनच्या सरकारी यंत्रणेने २००८ साली कापडी लंगोट आणि बाजारचे डायपर, दोन्हींचा बनवण्यापासून टाकण्यापर्यंतचा हिशेब मांडला. सरासरी वापरात कार्बनच्या बाबतीत दोन्ही जवळजवळ सारखे निघाले. मशीन पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि दुसऱ्या बाळालाही तेच वापरले, तर कापडी सुमारे ४० टक्क्यांनी चांगले ठरले. म्हणून मी वहिनीचे जुने घेतले आणि माझे पुढे मावसबहिणीला देणार आहे. सगळा नवा सेट घ्यायचा आणि ड्रायरमध्ये वाळवायचा, यात मला अर्थ दिसत नाही.

रात्री आम्ही बाजारचा डायपर लावतो. कापडीत दोन पॅड घालूनही पहाटे तीनला चादर ओली, बाळ रडून जागं आणि मागोमाग घर जागं. एका ग्रुपवर यावरून मला लिहिलं गेलं की रात्री डायपर म्हणजे आईने हात झटकणं. मला हे वाचून राग आला आणि तो अजून आहे. ज्या बाईला टाके आहेत, जी दर दोन तासांनी दूध पाजतेय, तिच्या दोन तासांच्या सलग झोपेपेक्षा कुठलाही लंगोट मोठा नाही.

शू-शूचं तर आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पाय पसरून बसायचं, पावलांवर बाळाला उकिडवं धरायचं आणि तोंडाने आवाज काढायचा. परदेशात आता याची पुस्तकं आणि वर्ग निघाले आहेत. झोपेतून उठल्यावर आणि दूध पिऊन झाल्यावर थोड्या वेळाने, या दोन वेळा हमखास साधतात. चौथ्या महिन्यापासून सकाळची शी बहुतेक वेळा आम्ही पावलांवरच करवतो आणि तेवढं धुणं वाचतं. बाळाला नियंत्रण आलं असं मात्र समजू नका. ते साधारण दीड-दोन वर्षांनंतर यायला लागतं. आत्ता फक्त आपल्याला तिची वेळ कळलेली असते. तिने पाठ ताठ केली की उचलायचं. बळेच धरून बसवलं तर मुलं शी दाबून ठेवायला शिकतात.

"नैसर्गिक" म्हणून जे जे समोर येतं ते सगळं घेऊ नका, हे मात्र ठासून सांगते. आमच्या मालीशवाल्या मावशींचा हात फार चांगला, मुलगी त्यांच्या पायांवर झोपून जायची. पण त्या नवजात बाळाची छाती पिळायला निघाल्या. "बहू, दूध निकालना पड़ता है." मी हात धरला. जन्मानंतर बाळाची छाती थोडी सुजते, ती आपोआप बसते. पिळलं तर गळू होऊ शकतं. मधाचं बोट वर्षाच्या आत नाही, त्यात बोट्युलिझम या गंभीर आजाराचे जंतू असू शकतात. काजळात शिसं असू शकतं. सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नाही, गुटीही नाही, पाणीही नाही, मे महिन्यातसुद्धा नाही. झोपताना पाठीवर, घट्ट गादीवर, राईची उशी काढून. आमच्याच खोलीत पण तिच्या स्वतःच्या पाळण्यात. लसी सगळ्या वेळेवर: जन्मतः बीसीजी, पोलिओ, हेपटायटिस बी, मग ६, १०, १४ आठवड्यांच्या आणि नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. कापडी लंगोटांच्या गप्पा चालतात त्याच ग्रुपवर लसींविरुद्धही लिहिलं जातं. असे ग्रुप मी सोडले.

आता त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. आमच्याकडे मशीन नवरा लावतो, ऑफिसला जाण्याआधी. गच्चीवर वाळत सासरे घालतात, सगळी पॅड एका रांगेत, चिमटे लावून. संध्याकाळी मालिका बघताना सासूबाई खिशांत पॅड भरून ठेवतात. मी नोकरीवर गेल्यापासून दिवसभराचं बदलणंही त्या दोघांकडे आहे, आणि म्हणूनच हे अजून चालू आहे. माझ्या ओळखीत दोघींनी महिन्याभरात बंद केलं. दोघींच्या घरी "नैसर्गिक वाढवूया" हे सगळ्यांचं मत होतं आणि बादली एकटीची होती.

घरी दोघंच असाल, दोघंही नोकरीला, तर लंगोटांच्या मोठ्या सेटवर पैसे घालू नका. रिंग स्लिंग घ्या, डझनभर तिकोनी शिवून घ्या, सुट्टीच्या दिवशी ते वापरा आणि बाकी वेळ बाजारचा डायपर खुशाल लावा. विकतचे घ्यायचेच तर आधी एकच मागवून आठवडाभर धुऊन-वाळवून बघा. सध्या आमची मुलगी लंगोट बदलताना एक क्षण आडवी राहत नाही, पलंगाला धरून उभी राहते. म्हणून टिचबटणांऐवजी चड्डीसारखे ओढून चढवायचे दोन आणले आहेत. ते पावसाळ्यात किती वेळात वाळतात ते बघून लिहीन.